लेकीचं एचबी 8.4 आणि बाळाची आगोटीची बेगमी

देवगड तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: लेक पहिलटकरीण, तिसावा आठवडा चालू आहे, नुकतीच माहेरी आणली. तपासणीत एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 8.4 आलं. लोहाच्या लाल गोळ्यांनी मळमळतं म्हणून सासरी तिने महिनाभर त्या घेतल्याच नाहीत. 'गोळ्यांनी बाळ फार पोसतं, मग सिझर होतं' असंही तिला कुणी सांगितलं. आता बीट, डाळिंब, खजूर चालू आहे. डॉक्टर सलाईनमधून आयर्न, म्हणजे लोह, द्यायचं म्हणतात, त्याची धास्ती वाटते. घरात मासळी असते तरी रक्त कमी कसं? आणि बाळाला काही होईल का?

ताई, आधी सलाईनचं बोलू. डॉक्टरांनी सांगितलंय तर घ्या, आणि याच आठवड्यात घ्या. मी 26 वर्षं कोकणात तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते आहे. तुमच्या लेकीच्या जागी माझी भाची असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं. गरोदरपणात एचबी 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम, 7 च्या खाली तीव्र. म्हणजे तिचा मध्यम प्रकार आहे. घाबरून जाण्यासारखं नाही, पण 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणण्यासारखंही नाही, कारण हातात साधारण दहा आठवडे उरले आहेत आणि बाळाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच आहेत.

ते का, हे नीट सांगते. आपल्याकडे पाऊस लागायच्या आधी घरोघरी आगोटीची बेगमी होते. सुकट, सुके बांगडे, कुळीथ, आमसुलं, लाकूडफाटा, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं. पुढे बाजार बंद पडला तरी घर चालतं. पोटातलं बाळ लोहाची अशीच बेगमी करतं, आणि तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या अंगात जन्मतः वजनाच्या दर किलोमागे साधारण 75 मिलिग्रॅम लोह असतं. ते कशासाठी? पुढचे सहा महिने ते फक्त आईच्या दुधावर असतं, आणि लिटरभर दुधात लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. त्या दुधातलं लोह बाळाला छान पचतं, पण मुळात थोडं असतं. निसर्गाने हिशेबच असा केला आहे की त्या सहा महिन्यांचा शिधा बाळाने पोटातूनच बांधून आणावा.

आईच्या अंगात लोह नसलं तरी वार (प्लासेंटा) ते ओढून बाळाकडे पाठवत राहते. आई फिकी पडते, बाळ बऱ्यापैकी लालसर जन्मतं. म्हणून 'आईला रक्त नव्हतं तरी बाळ कसं टुणटुणीत झालं' असं लोक म्हणतात. जन्माच्या दिवशी बाळाचं एचबी बहुतेक वेळा ठीकच येतं. कमी असतो तो साठा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. साठा कमी घेऊन आलेलं बाळ चार-पाच महिन्यांनी चिरचिरं होतं, खायला कंटाळतं. याच काळात त्याच्या मेंदूची जडणघडण सर्वात वेगाने चालू असते आणि तिला लोह लागतं. त्या वेळी फार दिवस कमतरता राहिली तर पुढे औषधाने एचबी भरून निघतं, पण शिकण्यातली, हालचालीतली जी मागे पडझड झाली ती सगळी भरून येईलच असं नाही. याशिवाय आईचा रक्तक्षय जितका जास्त, तितका बाळ दिवसांआधी येण्याचा आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. दिवसांआधी आलेल्या बाळाची बेगमी अर्धवटच राहते, कारण भरायचे आठवडेच कमी पडतात.

आता मासळीचं. घरात मासळी येणं आणि सुनेच्या ताटात मासळी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी गरोदर बाईला 'मासे खाता का' असं विचारत नाही, 'काल दुपारी तुमच्या ताटात तुकडा होता की नुसतं सार' असं विचारते. उत्तर बहुतेक वेळा खाली मान घालून येतं. तुकडी पुरुषांना आणि मुलांना, सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसणाऱ्या बाईला भात आणि नुसतं सार. त्यात जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी, मग श्रावण, मग चतुर्थी, वर सोमवार, गुरुवार, संकष्टी. नऊ महिन्यांतले खरोखर मासळी पोटात गेल्याचे दिवस मोजायला बसलात तर तुम्हीच चकित व्हाल. माळकरी घर असेल तर प्रश्नच नाही. मी कुणाला उपास मोडायला सांगत नाही. ज्या दिवशी खायचं त्या दिवशी पहिला तुकडा तिच्या ताटात पडू द्या, एवढंच मागते.

मासळीत महाग सुरमईच पाहिजे असं नाही. तारली, बांगडा, मांदेली, मुडदुशे, आणि लोहाच्या बाबतीत सगळ्यांच्या वरचढ आपल्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. त्यांच्या ताज्या आणि पूर्ण शिजवलेल्या एकशिप्या आठवड्यातून एकदोनदा खाल्ल्या तर उत्तमच. मासळीतलं लोह अंगी लागतं, शिवाय त्याच घासातल्या डाळीभाजीतलं लोहही ती जास्त शोषून घ्यायला लावते. सुकट, जवळाही चालेल, पण भिजवून खारटपणा काढून, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर नको. मोठी मोरी (शार्क) गरोदरपणात टाळा, मोठ्या माशांत पारा साठतो.

बीट आणि डाळिंबाबद्दल मला दर आठवड्याला कुणाला तरी समजवावं लागतं. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. द्यायला हरकत नाही, पण रोज दोन बिटांचा रस पाजून आपण लेकीसाठी काही केलं असं वाटतं आणि गोळी मागे पडते, माझं भांडण त्याच्याशी आहे. कुळीथ बघा. 100 ग्रॅमला आठ-नऊ मिलिग्रॅम लोह, म्हणजे आपल्या ताटातला खरा श्रीमंत. पण त्यातलंही रक्तात पोचतं ते फार थोडं, शंभरातले पाच भाग धरा. शेवटच्या तीन महिन्यांत तिच्या रक्तात रोज सहा-सात मिलिग्रॅम लोह पोचायला हवं. म्हणजे दिवसाला दीड किलो कुळथाची पिठी! गरोदरपणात आधीच रिकामं झालेलं भांडं नुसत्या जेवणाने भरत नाही. जेवण भांडं भरलेलं ठेवतं, भरायला औषधच लागतं.

म्हणून जेवणाचं महत्त्व कमी होत नाही. कुळथाची पिठी, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, लाल माठ, पावसात टाकळा, मोड आणून केलेली नाचणीची आंबील हे रोजच्या जेवणात असू दे. वर लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर आवळा, पेरू द्या, क जीवनसत्त्वाने डाळीभाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. सोलकढी आवडत असेल तर जरूर द्या, पण आमसूल सुकवलेलं असतं, त्याच्यावर लिंबाची जागा सोडू नका. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. आपल्याकडे उकडा भात झाला की लगेच कोरा चहा, ही सवय मोडायला जड जाते हे मला ठाऊक आहे. आणि माळ्यावर टाकलेला बिडाचा तवा असेल तर खाली काढा. घावणे, आंबोळ्या त्याच्यावर आणि भाजी लोखंडी कढईत केली की थोडं लोह अन्नात उतरतं, आंबट असेल तर जास्तच. नॉनस्टिक आलं आणि हे न मागता मिळणारं लोह आपल्या स्वयंपाकघरातून गेलं.

गोळीची मळमळ खरी असते. तिला 'नाटकं' म्हणू नका. सकाळी रिकाम्या पोटी घेतली की पुष्कळ जणींना उलटी होते. रात्री जेवणानंतर तास-दीड तासाने, झोपायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. झोपेत मळमळ निघून जाते. दुधाबरोबर नाही, चहाबरोबर नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं ते न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून, त्यात भिण्यासारखं काही नाही. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, भाजी वाढवा, तरी त्रास राहिला तर डॉक्टरांकडून गोळीचा प्रकार बदलून घ्या. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असलेल्या बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 गोळ्या घ्यायच्या, रक्त कमी असेल तर रोज दोन. ही गोळी उपकेंद्रात फुकट मिळते म्हणून ती हलकी असा एक समज आहे. मेडिकलमधल्या महाग बाटलीत बहुतेक वेळा याहून जास्त काही नसतं.

तुमच्या लेकीला मात्र गोळ्या सोसल्या नाहीत, महिना फुकट गेला आणि दिवस थोडे आहेत. अशा वेळी शिरेतून लोह देणं हाच योग्य मार्ग. साधा हिशेब सांगते. तिचं वजन 50 किलो धरलं आणि एचबी 8.4 वरून 11 वर न्यायचं असेल, तर तूट आणि थोडा साठा मिळून साधारण 800 मिलिग्रॅम लोह लागतं. आयर्न सुक्रोज असेल तर दर वेळी 200 मिलिग्रॅम, एक दिवसाआड, म्हणजे चार फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर वजन पाहून एकदोन वेळांतच काम होतं. पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत, तिसाव्या आठवड्यात चालतं. सौम्य डोकेदुखी, तोंडाला धातूची चव, अंग कसकसणं होऊ शकतं. मोठी रिॲक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून हे दवाखान्यातच घ्यायचं आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. घरी येऊन कुणी लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्या काळात लोहाच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील, फोलिक ॲसिड चालू ठेवायचं. तीन-चार आठवड्यांनी एचबी पुन्हा बघा. किमान एकाने तरी वाढायला हवं.

बाळ पोसून सिझर होतं, या समजुतीने आमच्या भागात किती नुकसान केलंय याची मोजदाद नाही. लोहाच्या गोळीने बाळ जाड होत नाही, ते दिवस भरेपर्यंत पोटात टिकायला मदत होते. गोळीने बाळ काळं होतं हेही खोटं, रंग आईबापाकडून येतो. सिझर होतं ते बाळाचं डोकं नीट खाली वळलेलं नसतं, वार खाली असते, कळा पुढे सरकत नाहीत, बाळाचे ठोके पडतात अशा कारणांनी. उलट रक्त कमी असलेल्या बाईला सिझर करायची वेळ आली तर आमचीच छाती धडधडते.

एक गोष्ट तिला एकांतात विचारा. कच्चे तांदूळ चघळते का? भाजकी माती, खडू, पाटीची पेन्सिल, फ्रीजमधला बर्फ सारखा खावासा वाटतो का? हे आपण डोहाळे समजतो आणि कौतुक करतो. पुष्कळदा ती लोहाची भूक असते. लोह भरलं की ही ओढ आपोआप जाते. कितीतरी जणी हे लपवतात, म्हणून रागावून विचारू नका.

एवढं करूनही एचबी वाढलं नाही, तर मात्र लोहावर लोह ओतत बसायचं नाही. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासू लागल्या. त्याच गिरणगावात आपल्या कोकणातली किती घरं राहत होती, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या लक्षात आलं की हा रक्तक्षय वेगळा आहे, तो यीस्टच्या अर्काने बरा होतो. 1931 साली त्यांनी ते छापलं. त्या अर्कातलं जे द्रव्य काम करत होतं, ते पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज आपल्या लाल गोळीत ते आहे त्यामागे मुंबईच्या त्या बायका आहेत. मी हे सगळ्या नव्या सिस्टरना सांगते, कारण 'रक्त कमी' म्हणजे दरवेळी लोहच कमी असं नसतं. शुद्ध शाकाहारी घरात बी-12 कमी असतं, आणि आईचं बी-12 कमी राहिलं तर दुधातही कमी उतरतं, बाळ पाच-सहा महिन्यांनी सुस्त होऊ लागतं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांची वाहक असेल तर त्याची वेगळी रक्ततपासणी असते. ती एकदाच करायची, आणि ती वाहक निघाली तर जावयांचीही लगेच करून घ्यायची, कारण दोघंही वाहक असतील तर बाळाला तो आजार होऊ शकतो. लावणीच्या चिखलात अनवाणी वावरणाऱ्यांना अंकुशकृमी होतात, ते आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. त्यासाठी चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोलची एक गोळी देतात. तिला मिळाली का, कार्डावर बघा.

कार्डावरून आठवलं. एका जुलैत रात्री अकराला एक मुलगी आली, नववा महिना, कळा चालू. पाऊस असा की ओढ्यावरच्या साकवावरून पाणी. 'माका चक्कर येता, दम लागता' एवढंच बोलत होती. ओठ पांढरेफटक. माता-बाल संरक्षण कार्ड सासरी राहिलेलं, माहेरच्यांना एचबी किती ते माहीत नाही, रक्तगट माहीत नाही. तपासलं तर 5.8. रक्त जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत पहाट झाली. मधल्या वेळात बाळ झालं, 1900 ग्रॅमचं. दिवस भरताना गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं, म्हणून वार पडल्यावर पिशवी नीट आवळली नाही तर काही मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. निरोगी बाई अर्धा लिटर रक्त गेलेलं सोसते. 5.8 वाली सोसत नाही. ती मुलगी वाचली, बाळही छातीशी धरून धरून वाढलं, पण त्या चार तासांत मी तिच्या पोटावरचा हात काढला नव्हता. तिच्याही गोळ्या सातव्या महिन्यात सुटल्या होत्या.

म्हणून तुमच्या लेकीचं बाळंतपण जिथे रक्ताची सोय आहे किंवा रक्त लवकर पोचतं अशाच ठिकाणी ठरवा, आत्ताच. रक्तगट कार्डावर लिहून घ्या, घरातले दोघं रक्तदाते ठरवून ठेवा, जावई मुंबईला असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, औषधं, रक्त आणि गाडी फुकट आहे, 108 चा नंबर भिंतीवर लिहा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, ती चुकवू नका.

बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना एक विनंती करून ठेवा: बाळ रडतंय, ठीक आहे, तर नाळ लगेच चिमटू नका, एक ते तीन मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि सहा महिन्यांच्या बेगमीत चांगली भर पडते. तासाभरात छातीला लावा, चीक पाजा, मध-घुटी काही नको. आईचं रक्त कमी म्हणून दूध 'पातळ' होत नाही, तिने बिनधास्त पाजावं. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर त्याला लोहाचे थेंब सहा महिन्यांच्या आधीच लागतात, कधीपासून आणि किती ते बालरोगतज्ज्ञ वजनावर ठरवतील, आपल्या मनाने बाटली आणायची नाही. सहा महिने झाले की नाचणीसत्त्व, मऊ डाळभात, अंडं, काटे काढून कुस्करलेला मासा सुरू करा. नुसत्या पेजेवर ठेवलं तर लोहाची तूट तिथूनच सुरू होते.

आणि लेकीच्या गोळ्या बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. पुढचे 180 दिवस रोज एक. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू होतात, ते होऊ देत, पण पालेभाजी आणि मासळी 'बाधते' म्हणून तोडू नका. पुढचं बाळ किमान दोन-तीन वर्षांनी, हे जावयांशीही बोलून घ्या. रिकामं झालेलं अंग तेवढ्यात भरतं.

सलाईनसाठी जाताना कार्ड, जुने सगळे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या. तिचं आत्ताचं वजन सिस्टरना तिथेच करायला सांगा, डोसचा हिशेब त्यावरच होतो. आणि तिला चढताना दम लागत असेल, पायावर सूज असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता आजच घेऊन जा.